पाठीमागचा व्हॉल्व्ह आणि पाचशे फूट

खंबाटकी घाट चढताना वडिलांच्या मोटारसायकलने आचका दिला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. पेट्रोल संपत आल्याचा तो आचका त्या काळात दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा. थांबायचं नाही, डावा हात खाली न्यायचा, टाकीखालचा कॉक चाचपायचा आणि रिझर्व्हला फिरवायचा. नजर रस्त्यावर, हात आंधळा. त्या दिवशी कॉक हाताला लागेना म्हणून मी आणखी वाकलो. सापडला, फिरवला, मान वर केली तर गाडी तिरकी होऊन रस्त्याच्या कडेला निघालेली. मी हँडल वळवलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. अंग एका बाजूला झुकलं, तोल सावरायला दुसऱ्या हाताने हँडल ओढलं, आणि हे सगळं मला न विचारता घडलं. ब्रेक दाबला, पाय टेकवले, मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. पाय टेकवायला रस्ता होता म्हणून गोष्ट तिथेच संपली.

जॉन डेन्व्हर यांच्या खाली सुमारे पाचशे फूट हवा होती आणि तिच्याखाली पॅसिफिक महासागर. १२ ऑक्टोबर १९९७ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे विमानतळावरून त्यांनी आपल्या दोन आसनी विमानात एकट्याने उड्डाण केलं. धावपट्टीला चाकं टेकवून पुन्हा वर जाण्याचा सराव केला आणि मग ते किनाऱ्याच्या दिशेने वळले. साडेपाच वाजायच्या आत पॅसिफिक ग्रोव्ह गावाजवळ, किनाऱ्यावरून दिसेल इतक्या अंतरावर, विमान पाण्यात कोसळलं. डेन्व्हर ५३ वर्षांचे होते. जगभर ऐकले जाणारे गायक, हवाई दलातल्या वैमानिकाचे चिरंजीव, आणि स्वतः २,७०० तासांहून अधिक उड्डाण केलेले वैमानिक. नवशिके मुळीच नव्हते.

ही गोष्ट आता जुनी झाली. तरी मी ती पुन्हा काढतो आहे, कारण घरी बांधलेल्या विमानांचं काय करायचं हा प्रश्न आपल्याकडेही येऊन उभा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला या अपघाताइतकी चांगली शिदोरी दुसरी नाही. ‘पायलटची चूक’ असं म्हणून फाईल बांधून ठेवली की काय काय निसटतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

त्यांचं विमान लाँग-ईझी जातीचं होतं. बर्ट रुटान या अमेरिकन अभियंत्याने हौशी लोकांनी घरी बांधावं म्हणून आखलेलं. १९८० पासून काही वर्षं त्याचे आराखडे विकले जात होते. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने कापायचे, त्यांवर काचतंतूचं कापड आणि इपॉक्सी चढवायची, घासायचं, पुन्हा चढवायची. गॅरेजमध्ये संध्याकाळ-संध्याकाळ बसून माणसं वर्षानुवर्षं हे काम करतात. मुख्य पंख मागे, छोटा पंख पुढे, इंजिन आणि पंखा वैमानिकाच्या पाठीमागे. नेहमीच्या विमानाला उलटं ठेवल्यासारखं दिसतं, पण ते दिसण्यासाठी नाही. वेग फार कमी झाला की विमानाचा पंख हवेवरची पकड सोडतो. याला स्टॉल म्हणतात, आणि कमी उंचीवर माणसं सगळ्यात जास्त मरतात ती यातच. रुटानच्या रचनेत पुढचा छोटा पंख आधी स्टॉल होतो, नाक आपोआप जरा खाली येतं आणि मोठ्या पंखाची पकड टिकते. म्हणजे कमी उंचीवरचा सगळ्यात मोठा वैरी रुटानने आराखड्यातच बराचसा बांधून ठेवला होता. डेन्व्हर यांचा जीव मात्र एका व्हॉल्व्हने घेतला, आणि तो व्हॉल्व्ह रुटानने सांगितलेल्या जागी नव्हता.

दोन पंखांत दोन इंधनटाक्या. इंजिन एका वेळी एकाच टाकीतून इंधन घेणार. टाकी बदलायचा व्हॉल्व्ह मूळ आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर होता. हे विमान ज्याने बांधलं त्याने तो हलवला. कारण वाईट नव्हतं. कॉकपिटमधून इंधनाच्या नळ्याच जाऊ नयेत, आगीचा धोका कमी व्हावा, असा त्याचा विचार. म्हणून व्हॉल्व्ह आसनाच्या मागच्या भिंतीवर, वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे गेला. त्यावर खुणा नव्हत्या. हँडल उजवीकडे वळवलं की डावी टाकी सुरू होत असे. इंधन किती उरलं ते दाखवणाऱ्या काचेच्या पट्ट्याही मागच्या आसनाशेजारी, आणि त्यांवरही आकडे नाहीत.

डेन्व्हर यांनी हे विमान नुकतंच विकत घेतलं होतं. ते बांधणारा कुणी वेगळाच होता. आदल्या दिवशी अर्ध्या तासाच्या आसपास त्यांनी त्यात सराव केला होता, बस एवढंच.

अपघाताच्या दिवशी हँगरपाशी, म्हणजे विमान ठेवायच्या शेडपाशी, जे घडलं ते चौकशी अहवालात तपशीलवार नोंदलेलं आहे, आणि मी ते कितीही वेळा वाचलं तरी पोटात खड्डा पडतो. देखभाल करणारा एक तंत्रज्ञ त्यांच्या मदतीला होता. व्हॉल्व्हपर्यंत हात नीट पोहोचत नाही हे दोघांच्याही लक्षात आलं. मग त्यांनी एक युक्ती करून पाहिली. लॉक होणारी पकड, आपल्या गॅरेजमध्ये जिला ग्रिप प्लायर म्हणतात ती, हँडलला लावून ते लांब होतं का बघितलं. जमलं नाही. टाक्यांमधलं इंधन मागे बसल्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून तंत्रज्ञाने डेन्व्हर यांना एक छोटा आरसा दिला. खांद्यावरून मागे धरायचा आणि त्यात पट्ट्या बघायच्या. उजव्या टाकीत निम्म्याहून कमी, डावीत पाव टाकीहूनही कमी इंधन होतं. भरून घेता का असा विषय निघाला तेव्हा डेन्व्हर नको म्हणाले, कारण तासाभराचंच उड्डाण होतं. टाकी बदलायची वेळ आलीच तर ऑटोपायलट लावून विमान सरळ ठेवीन आणि मग हात मागे नेईन, असा त्यांचा बेत होता.

एक पकड आणि एक आरसा. यात हलगर्जीपणा आहे, नाही कसा म्हणू? पण आपल्यातल्या कुणीही कसाबसा मार्ग काढून काम भागवतो तसंच हे आहे. आपण जुगाड म्हणून ज्याचं कौतुक करतो तीच ही वृत्ती. अडचण दिसली, तिचं नाव कळलं, आणि तरी त्या दिवशीचं उड्डाण रद्द झालं नाही. उतरून, व्हॉल्व्ह पुढे आणून, आठवड्याने उडालं तरी चाललं असतं.

पुढचं साक्षीदारांनी पाहिलं. पाचशे फूट किंवा त्याहून कमी उंचीवरून जाणाऱ्या विमानाच्या इंजिनाचा आवाज बदलला, काहींनी फटकन आवाज झाल्याचं सांगितलं, विमान एकदम तिरकं झालं आणि नाक खाली करून पाण्यात गेलं. एनटीएसबी, म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, याच्या तपासनीसांनी मग एक साधी गोष्ट केली. तशाच विमानात बसून, पट्टे बांधून, डाव्या खांद्यावरून मागच्या व्हॉल्व्हकडे हात नेऊन पाहिला. विमानाची स्टिक, म्हणजे ते सावरायची आणि कलवायची दांडी, या रचनेत उजव्या हाताला असते. व्हॉल्व्ह फिरवायला तोच उजवा हात स्टिकवरून उचलून डाव्या खांद्यामागे न्यावा लागतो. अंग पूर्ण पिळतं. आणि अंग पिळताना आधार म्हणून उजवा पाय आपोआप ताठ होतो. तो पाय उजव्या रडर पेडलवर, म्हणजे विमानाचं नाक उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर, असतो.

हे वाचलं तेव्हा मला खंबाटकी आठवला. तोच पीळ, तीच शरीराची न विचारता केलेली हालचाल.

एनटीएसबीने संभाव्य कारण लिहिताना वैमानिकाचं लक्ष विचलित होणं आणि नकळत उजवा रडर दाबला जाणं हे पहिलं मांडलं. उड्डाणाआधीची अपुरी तयारी, इंधन न भरणं हेही मांडलं. पण तिथे थांबलं नाही. बांधणाऱ्याने खुणा नसलेला व्हॉल्व्ह हात न पोहोचणाऱ्या जागी बसवण्याचा घेतलेला निर्णय, आकडे नसलेल्या पट्ट्या, आणि या जातीच्या विमानाची वैमानिकाला नसलेली सवय व अपुरं प्रशिक्षण, हेही त्याच यादीत घेतलं. लोकांच्या बोलण्यात मात्र भलतीच गोष्ट राहिली. डेन्व्हर यांची दारूची जुनी प्रकरणं होती आणि त्यावरून त्यांच्या वैद्यकीय पात्रतेवर सरकारी आक्षेपही होता, हे खरं. पण शवचिकित्सेत दारूचा अंश सापडला नाही. तरी गप्पा त्याच्याच झाल्या, कारण माणसाच्या दुर्गुणाची गोष्ट सांगायला सोपी असते आणि व्हॉल्व्हची गोष्ट सांगायला कागदावर चित्र काढावं लागतं.

आता उंचीकडे येतो. माझं मुख्य म्हणणं इथेच आहे.

पाचशे फूट ऐकायला पुष्कळ वाटतं. चाळीस मजली इमारतीएवढी उंची ती, दीडशे मीटर. छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं तरी ते दगडासारखं खाली येत नाही, तरंगत येतं. ढोबळ हिशोबाने एक मीटर खाली येताना दहा मीटर पुढे जातं असं धरा, वेग सेकंदाला तीस मीटर धरा. म्हणजे सेकंदाला तीन मीटर खाली. दीडशे मीटरला पन्नास सेकंद. यात काय झालं ते समजायचं, जागा हेरायची, नाक सावरायचं, टाकी बदलायची आणि इंजिन पुन्हा धरतं का ते बघायचं. सराईत माणसाला आणि समोर असलेल्या व्हॉल्व्हला पन्नास सेकंद पुरतात. पण हा हिशोब विमान सरळ असतानाचा. तेच विमान कलंडून नाक खाली घालून सेकंदाला पन्नास मीटरने, पंचेचाळीस अंशांच्या कोनात सुटलं तर दीडशे मीटर चार-पाच सेकंदांत संपतात. मान मागे वळवून पुन्हा समोर आणायलाच तेवढा वेळ जातो. हीच चूक तीन हजार फुटांवर झाली असती तर विमान कलंडलं असतं, छातीत धस्स झालं असतं, हात पुन्हा स्टिकवर आला असता, आणि रात्री जेवताना सांगायला एक किस्सा झाला असता.

वळणाचंही तसंच. विमान उंची न सोडता साठ अंश कलवून वळवलं की पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतो. सरळ उडताना जो वेग भरपूर असतो तो अशा वळणात अपुरा ठरतो. किनाऱ्यावर ओळखीचं घर दिसलं, खाली उभे असलेले मित्र हात हलवताना दिसले, की वैमानिक नेमकं हेच वळण घेतो. नजर खाली, पंख उभा, वेग उतरतोय आणि त्याकडे लक्ष नाही. घरगुती असो वा कारखान्यातलं, छोट्या विमानांचे कमी उंचीवरचे अपघात वाचत गेलं की हे चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: नियम आहे ना. आंतरराष्ट्रीय नियमानुसार वस्तीवर तीनशे मीटर आणि इतरत्र दीडशे मीटरच्या खाली, उतरणं-उडणं सोडून, जायचं नाही. भारतही हेच मानतो. अमेरिकेत उघड्या पाण्यावर तर एवढंच बंधन आहे की माणूस, होडी, वाहन किंवा बांधकामाच्या पाचशे फुटांच्या आत यायचं नाही. नीट पाहिलं तर हा नियम कुणासाठी आहे ते कळतं. तो खालच्या माणसांसाठी आहे. त्यांच्या डोक्यावर काही पडू नये, त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून. विमानात बसलेल्याला चूक सुधारायला किती वेळ लागेल, याचा विचार त्या आकड्यात नाही. तरी वैमानिक त्या आकड्याला सुरक्षिततेची रेघ समजतात. पाचशेवर आहे, म्हणजे ठीक आहे. हा समज मोडायला हवा, आणि तो सगळ्यात आधी घरी बांधलेल्या विमानांच्या बाबतीत मोडायला हवा, कारण त्या विमानात कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक असतं: ज्याने तो बसवला त्याला.

घरी विमान बांधायची परवानगीच काढून घ्या, असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असेल तर त्या विमानाला प्रायोगिक म्हणून मान्यता मिळते. दारावर ‘प्रायोगिक’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं, आणि हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम याला लागू नाहीत, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. या मोकळीकीतून काय निघालं ते पाहा. ओरेगॉनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या सुट्या भागांच्या किटांमधून बांधलेली अकरा हजारांवर विमानं उडाली आहेत. बर्ट रुटानने घरगुती विमानांच्या वाटेवरूनच पुढे जाऊन व्हॉयेजर आखलं, आणि १९८६ च्या डिसेंबरात त्याचा भाऊ डिक आणि जिना येगर हे दोघं त्यातून कुठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. व्हॉल्व्ह कुठे बसवायचा हे ठरवायची मुभा ज्या नियमाने एका माणसाला दिली, त्याच नियमाने रुटानला विमान उलटं करून पाहायची मुभा दिली. एक हवी आणि दुसरी नको, असं करता येत नाही. म्हणून प्रश्न मुभा द्यायची की नाही हा नाहीच. मुभेबरोबर काय मागायचं हा आहे.

दुसऱ्या टोकाला ‘ज्याचा जीव त्याचा धोका’ म्हणणारे आहेत. मला हे म्हणणं वरवर भावतं, पण पुढे टिकत नाही. बांधणारा स्वतः उडवतो तोवर ते बरंचसं खरं आहे. त्याने व्हॉल्व्ह मागे बसवला, त्याच्या हाताला तो पाठ झाला, धोका त्याचा. पण विमान विकलं जातं. नव्या मालकाने तो धोका पत्करलेला नसतो, त्याच्या गळ्यात तो पडलेला असतो, आणि पुष्कळदा त्याला तो दिसतही नाही. एनटीएसबीने २०१२ मध्ये घरगुती विमानांच्या सुरक्षेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या खासगी छोट्या विमानांच्या ताफ्यात ही विमानं जेमतेम दहा टक्के, पण २०११ मध्ये प्राणघातक अपघातांतला त्यांचा वाटा एकवीस टक्के होता. आणि त्या वर्षी तपासलेल्या अपघातांपैकी निम्म्याहून जास्त विमानं आताच्या मालकाने बांधलेली नव्हती, वापरलेली म्हणून विकत घेतलेली होती. बांधून झाल्यावरची पहिली काही उड्डाणं आणि विकत घेतल्यावरची पहिली काही उड्डाणं, दोन्ही धोक्याची. डेन्व्हर नंतरची पंधरा वर्षं उलटूनही गोष्ट तीच होती.

यातून मला एक मागणी अगदी सरळ दिसते. अमेरिकेत नवं घरगुती विमान बांधून झालं की सुरुवातीचे साधारणपणे २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच, वस्तीपासून दूर चाचणी म्हणून उडवावं लागतं. हे तास विमानाच्या नावावर चढतात. मालक बदलला तरी ते पुन्हा शून्यावर येत नाहीत. यायला हवेत. विमान तेच असलं तरी विमान आणि माणूस ही जोडी नवी आहे, आणि चाचणी त्या जोडीची व्हायला हवी. विकत घेणाऱ्याने पहिले काही तास, मी म्हणेन निदान दहा, त्या जातीचं विमान उडवलेल्या माणसाबरोबर किंवा त्याच्या देखरेखीखाली काढावेत. त्या तासांत उडणं-उतरणं सोडलं तर तीन हजार फुटांच्या खाली येऊ नये. समुद्रकिनारा तिथूनही सुंदर दिसतो.

हे आपल्याला का लागू पडतं? आपल्याकडेही छत आणि गॅरेजमधली विमानं आहेत. कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात ठेवलं होतं, ते पुष्कळ मराठी माणसांनी पाहिलं. नोंदणीसाठी त्यांना अनेक वर्षं झगडावं लागलं. ती २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. ही दिरंगाई म्हणजे सुरक्षितता असं कुणी समजू नये. कागद टेबलावर पडून राहिला म्हणून एकही व्हॉल्व्ह योग्य जागी येत नाही. उलट ज्या देशात परवानगी मिळणं हाच पराक्रम ठरतो तिथे परवानगी मिळाल्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. मला नेमकं उलटं हवं आहे: दार लवकर उघडा आणि आत आल्यावर बारकाईने विचारा.

कमी उंचीवरच्या उड्डाणाची किंमतही या देशाला माहीत आहे. २३ जून १९८० च्या सकाळी दिल्लीतल्या सफदरजंग विमानतळाजवळ संजय गांधी आणि त्यांच्याबरोबर कॅप्टन सुभाष सक्सेना यांचा विमान कोसळून मृत्यू झाला. विमान पिट्स जातीचं, हवाई कसरतींसाठी बनवलेलं. ते कारखान्यात तयार झालेलं होतं, पण त्या जातीचं मूळ अमेरिकेतल्या कर्टिस पिट्स या माणसाने १९४० च्या दशकात स्वतःच्या हाताने बांधलेल्या छोट्या विमानात आहे. त्या मृत्यूच्या राजकीय परिणामांवर आपण चाळीसहून जास्त वर्षं बोलतो आहोत. कसरत करायला खाली किती हवा हवी, यावर चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

१९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. हौशी बांधणाऱ्यांसाठी नियम सुटसुटीत करायचे असतील तर हीच वेळ. त्यात एक कागद सक्तीचा करावा: मूळ आराखड्यापासून मी काय काय बदललं आणि का. बांधणाऱ्याने स्वतःच्या भाषेत लिहिलेला, चित्रांसह, विमानाला कायमचा जोडलेला. हात लावण्याजोग्या प्रत्येक वस्तूवर खूण असावी. डावी टाकी डावीकडे असावी, याला कायदा लागू नये, पण लागत असेल तर तोही करावा. आणि अपघात झालाच तर अहवाल सगळ्यांना वाचायला मिळावा. विमान अपघात तपास विभाग आपल्याकडे २०१२ पासून आहे. तपासाचा हेतू दोष ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं हा आहे, हे आंतरराष्ट्रीय तत्त्वही आपण मान्य केलेलं आहे. मग तो अहवाल हँगरमध्ये नट-बोल्ट आवळणाऱ्या मेकॅनिकला कळेल अशा मराठी-हिंदीत का असू नये? पकड आणि आरसा हातात देणारा तंत्रज्ञ या गोष्टीतला शेवटचा माणूस होता जो ‘आज उडू नका’ म्हणू शकला असता. त्याने असा एखादा अहवाल आधी वाचलेला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वैमानिकांना बंधनं आवडत नाहीत, विशेषतः ज्यांनी विमान आपल्या हाताने बांधलं त्यांना. मला त्यांच्याबद्दल खरा आदर आहे. इपॉक्सीच्या वासात दहा वर्षं काढणाऱ्या माणसाला टेबलापलीकडून कुणी शहाणपण शिकवावं हे मलाही पटत नाही. म्हणून शेवटची मागणी सरकारकडे नाही, त्यांच्याकडे आहे. विमान विकायची वेळ येईल तेव्हा पैसे मोजून घेण्याआधी घेणाऱ्याला पुढच्या आसनावर बसवा. पट्टे पूर्ण आवळा. डोळ्यांवर रुमाल बांधा. एक हात स्टिकवर आणि दोन्ही पाय पेडलवर ठेवायला सांगा. मग त्याला म्हणा, टाकी बदला. तुम्ही मात्र त्याच्या हाताकडे पाहू नका, उजव्या पायाकडे पाहा. पाय हलला, तर विमान त्या दिवशी द्यायचं नाही. पाना घ्या, व्हॉल्व्ह काढा आणि तो दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवा, जिथे तो आराखड्यात होता.